छत्रीसाहेबांची आई

आई : ...आणि खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता, भाऊ. एवढी वर्षं बघतेय. आहेत तुमच्याकडे. त्या खालच्या खणात आहेत.

दुकानदार : ताई, आधी बाकावर नीट टेका. श्वास बघा कसा लागलाय.

आई : टेकलेच आहे. उभं राहायला कुठलं त्राण. खण उघडा.

दुकानदार : दम्याचा जुना पंप विकायला बंदी आहे आता. मागच्या वेळीच म्हटलं होतं, हा शेवटचा.

आई : त्याच्या मागच्या वेळीही म्हणाला होतात. तुमचा शेवटचा काही संपत नाही, म्हणून तर येते.

दुकानदार : हसवू नका. मी हसलो की तुम्ही हसता, आणि तुम्हाला हसू झेपत नाही.

आई : मग द्या, की जाते.

दुकानदार : नवा आहे ना तुमच्याकडे? मुलगा नेतो की दर महिन्याला, माझ्याच दुकानातून. आत औषध तेच आहे हो. ते बाहेर ढकलणारा वायू तेवढा बदललाय. जुन्यातला वायू वर जाऊन ओझोनचा थर खायचा, नव्यातला खात नाही. एवढाच फरक.

आई : तेवढाच असेल तर माझ्या छातीला का कळत नाही? जुना दाबला की घशावर गार फटका बसायचा. कळायचं, आलं बाई औषध. हा नवा म्हणजे लहान मूल फुंकर मारतंय. चार-चारदा दाबते. जिना सोडला मी, भाऊ. गच्चीवर कपडे वाळत घालायला सूनबाई जाते आणि मी खाली बसून पिळे करून देते.

दुकानदार : मुलाला सांगितलंत हे?

आई : कुणाला? छत्रीसाहेबांना?

दुकानदार : त्यांनाच.

आई : अहो, तो शाळाशाळांतून छत्री उघडून दाखवतो. काळी छत्री, मधोमध भोक. म्हणतो, ही आपल्या डोक्यावरची छत्री, हिला आपणच भोक पाडलं. ते भोक मी पाडून दिलंय, माझ्या कात्रीनं. उसवू नये म्हणून कडेनं टाके घातलेत. आणि त्याच छत्रीखाली उभा राहून तो माझं सांगतो.

दुकानदार : तुमचं काय?

आई : 'माझी स्वतःची आई दम्याची आहे. नियम आला त्याच दिवशी तिनं जुना पंप टाकून दिला.' मुलं टाळ्या वाजवतात. नातीच्या शाळेत तर मला वर स्टेजवर नेलं. हातात फूल दिलं. उबळ येईल म्हणून मी ते नाकापासून लांब धरून उभी. आणि पर्समध्ये काय होतं?

दुकानदार : पंप. जुना.

आई : तुम्हीच दिलेला. नातीनं घरी येऊन चित्र काढलं. आजी सुईदोरा घेऊन आभाळाला ठिगळ लावतेय. माझ्या कॉटच्या वर चिकटवलंय, अगदी डोळ्यांसमोर. त्या चित्रापुढे मला हा पंप घेववत नाही, भाऊ. मी मोरीत जाते. नळ सोडते आणि घेते.

दुकानदार : नळ कशाला?

आई : आवाज होतो ना. फुस्स. असं बघू नका माझ्याकडे. द्यायचा तर द्या.

दुकानदार : घ्या. पिशवीत टाका. तारीख पण उलटायला आलीय याची. थोडेच उरलेत, ते संपले की मी तरी काय—

आई : अगं बाई.

दुकानदार : काय झालं?

आई : ती स्कूटर. ते पिवळं हेल्मेट. तोच आहे.

दुकानदार : असू दे की. आई औषधाच्या दुकानात आली, त्यात काय—

आई : शेजारणीकडे बसायला जाते म्हणून सांगून आलेय. आणि हातात हे! भाऊ, मला कुठेतरी—

दुकानदार : त्या पडद्यामागे जा. बीपी बघायचं स्टूल आहे तिथे. आणि ताई, दम लागला तर—

आई : नाही लागणार. तोंड दाबून बसते.

दुकानदार : तोंड दाबून दमा थांबत नाही हो!

मुलगा : काय थांबत नाही, काका? कुणाशी बोलताय?

दुकानदार : कुणाशी नाही. स्वतःशी. वय झालं की माणूस भिंतीशी बोलतो. या. आईचं औषध ना? देतो, पटकन देतो.

मुलगा : आज औषधाला नाही आलो. पर्यावरण खात्याकडून आलोय.

दुकानदार : छत्री नाही आणलीत?

मुलगा : थट्टा नको. तक्रार आलीय. या दुकानात अजून जुने पंप मिळतात म्हणून. दुसरं कुणी येणार होतं. मीच म्हटलं, लहानपणापासून ओळखतो त्यांना, मी जातो.

दुकानदार : उपकार झाले.

मुलगा : चिडू नका. आहेत का?

दुकानदार : आहेत. खालच्या खणात. न्या.

मुलगा : एवढ्या सहज कबूल?

दुकानदार : खोटं बोलायला लागलो की मला चष्मा पुसावा लागतो. कंटाळा आलाय पुसून. न्या, आणि निघा. मला दुकान बंद करायचंय.

मुलगा : भर दुपारी?

दुकानदार : जेवायचंय.

मुलगा : तुम्ही तर काउंटरवरच जेवता. जेवता जेवता मला गोळ्या दिल्यात तुम्ही. थांबा जरा. मला घेणाऱ्यांची नावं हवीत.

दुकानदार : ती कशाला?

मुलगा : नियमाप्रमाणे लागतात. कोणाकोणाला विकले ते.

दुकानदार : मी विकले. माझं नाव लिहा. पाटीवर मोठ्या अक्षरात आहे.

मुलगा : काका, परवाना जाईल तुमचा.

दुकानदार : जाऊ दे. नावं मिळणार नाहीत.

मुलगा : एवढी कोण मोठी माणसं आहेत ही?

दुकानदार : मोठी कसली. एक गवंडी आहे. पहाड चढून आल्यासारखा बाकावर येऊन बसतो. एक गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत, आता नुसती पेटी वाजवतात. आणि... आहेत अजून कोणी.

मुलगा : त्या अजून कोणीचंच सांगा.

दुकानदार : हळू बोला हो. भिंत पातळ आहे.

मुलगा : का हळू बोलू? मला बघायचंच आहे ही माणसं कोण आहेत ती. सगळ्यांनी त्रास काढला, काका. फ्रीज करणाऱ्यांनी कारखाने बदलले. एसी दुरुस्त करणारे नव्यानं काम शिकले. लोकांनी चांगली चालणारी यंत्रं मोडीत घातली. आणि यांना काय, तर घशाला गार फटका बसत नाही! एवढ्यासाठी जुनंच पाहिजे. हा हट्ट आहे. स्वार्थ आहे निव्वळ. नातवंडांच्या डोक्यावरचं आभाळ विकून घेतलेला श्वास आहे हा.

दुकानदार : हे भाषणातलं आहे का?

मुलगा : हो. भाषणातलं आहे. म्हणून खोटं होत नाही.

दुकानदार : झालं तुमचं? मग घ्या हे खोकं. सगळे आहेत यात. निघा आता. खरंच निघा, मी हात जोडतो.

मुलगा : एवढी घाई का करताय? घामेजलात तुम्ही. पंखा लावा.

दुकानदार : पंख्यानं धूळ उडते. इथे... औषधं आहेत.

मुलगा : मला राग तुमचा नाही, काका. खात्याच्या बैठकीत विचारलं होतं सगळ्यांना. दमेकऱ्यांना अजून थोडी मुदत द्यायची का, दवाखान्यातून नवा पंप शिकवायला माणसं ठेवायची का. मी उभा राहिलो आणि म्हणालो, काही गरज नाही. माझ्या आईनं एका दिवसात बदलला. तिला काहीएक त्रास नाही.

दुकानदार : मग काय झालं?

मुलगा : मग काय. घरचंच उदाहरण म्हटल्यावर कोण काय बोलणार? विषय संपला.

दुकानदार : तिला विचारलं होतंत?

मुलगा : कुणाला, आईला? विचारायचं काय त्यात? त्रास असता तर बोलली असती. माझी आई काही मनात ठेवणाऱ्यांतली नाही.

(पडद्यामागे काहीतरी गुदमरल्यासारखं होतं. मग फुस्स असा आवाज. मग लांबलचक, शीळ घातल्यासारखा श्वास.)

मुलगा : काय होतं ते?

दुकानदार : ते... ढेकणांचं औषध. फवारा.

मुलगा : कोण मारतंय?

दुकानदार : आपोआप उडतो. नवीन आलाय.

मुलगा : काका, चष्मा पुसताय तुम्ही. हा आवाज मला माहीत आहे. लहानपणी या आवाजावर झोपलोय मी. आई गाद्यांच्या कारखान्यातून यायची, केसांत कापूस घेऊन. रात्रभर खोकायची. मग फुस्स व्हायचं आणि मला कळायचं, आता आईला झोप लागणार, आता आपणही झोपायचं.

दुकानदार : बसा तुम्ही. या बाकावर बसा.

मुलगा : आई?

आई : येते. पडदा ओढू नकोस. माझी मी येऊ दे मला.

मुलगा : आई, तू इथे...

आई : हो. मीच ती. त्यांची 'अजून कोणी'. भाऊ, तुमच्या त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, पडले असते.

दुकानदार : पाणी देतो.

आई : द्या. आणि तू असा वाकून बघू नकोस माझ्या हातात. हा घे. अर्ध्या मिनिटापूर्वी फोडलाय. कोराच आहे. टाक तुझ्या खोक्यात.

मुलगा : तू किती दिवस...

आई : पहिल्यापासून.

मुलगा : पहिल्यापासून म्हणजे, तुझ्या नातीच्या शाळेत आलीस तेव्हाही?

आई : फूल या हातात, पर्स त्या हातात. तू माइकवर सांगत होतास आणि मी पर्सची चेन गच्च धरून उभी होते. वाटत होतं, उघडी राहिली तर सगळ्या शाळेसमोर घरंगळत जाईल खाली.

मुलगा : मला का नाही सांगितलंस?

आई : काय सांगू? की तू ज्या आईचं सांगतोस ती मी नाही? मला वाटलं होतं, होईल सवय. झाली की खरंच टाकून देईन, म्हणजे तुझं बोलणं मागून का होईना खरं होईल. रोज वाटायचं, उद्यापासून. पण संध्याकाळी छाती धरली की माझी लाजच सुटायची. मोरीत जाऊन नळ सोडायचा की झालं.

मुलगा : आणि मी तुला ओरडायचो. नळ सोडून ठेवतेस, पाणी वाया घालवतेस म्हणून.

आई : ओरडायचास. मी म्हणायचे, विसरते रे, म्हातारी झाले.

मुलगा : आत्ता जे मी बोललो, स्वार्थ वगैरे...

आई : ऐकलं सगळं. आवाज चांगला आहे तुझा, लांबपर्यंत जातो. आणि काही खोटं बोलला नाहीस. नातीचंच आभाळ आहे ते. मला काय कळत नाही? भोक मीच कापलंय.

मुलगा : आई, नको ना.

आई : तोंड लपवू नकोस. तोंड लपवायला मी बसले होते ना पडद्यामागे. एका घरातल्या दोघांनी लपवून कसं चालेल?

दुकानदार : ताई, एक विचारू? नवा पंप आहे का जवळ?

आई : आहे की. चांगला दिसावा म्हणून तोच वर ठेवते पर्समध्ये.

दुकानदार : बघू. ...हे काय? हे तोंडाशी पांढरं काय जमलंय?

आई : चुना धरल्यासारखं? ते तसंच असतं ना त्याला?

दुकानदार : ताई, हा धुतला कधी?

आई : धुतला? पंप कुणी धुतं का? जुना कधी धुतला होता मी?

दुकानदार : जुन्याचं चालून जायचं. या नव्यातलं औषध बाहेर येताना बारीक भोकाशी चिकटतं. आतली ही धातूची डबी काढून ठेवायची आणि प्लॅस्टिक आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं धुवायचं. वाळवायचं. मग परत बसवायचं. हे बघा, मी तुमचा हवेत दाबतो.

आई : हां. हीच ती फुंकर.

दुकानदार : आता हे कोरं प्लॅस्टिक घेतो, नव्या खोक्यातलं. डबी तुमचीच. बघा.

आई : ...अगं बाई. ढगच आला की.

दुकानदार : गार नसतो, हळू येतो. घशाला लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं औषध नाहीच आलं. आता लगेच घेऊ नका, तुम्ही आत्ताच एक घेतलाय. संध्याकाळी घ्या. आणि दाबताना श्वास हळूहळू आत ओढायचा. जुन्यासारखा हिसका नाही.

आई : म्हणजे एवढे दिवस मी बुजलेल्या भोकातून श्वास मागत होते?

दुकानदार : तसंच म्हणायचं.

आई : मग हे मला कुणी सांगायला हवं होतं, भाऊ?

दुकानदार : ...मीच. चुकलंच माझं. पहिला पंप दिला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. गर्दी असेल, राहून गेलं.

आई : चष्मा ठेवा खाली.

दुकानदार : डाग आहे हो त्यावर.

आई : काही डाग नाही. ठेवा.

मुलगा : काका, राहू दे. मला सांगितलं होतं त्यांनी, आई.

आई : तुला?

मुलगा : पहिला पंप न्यायला आलो होतो तेव्हा. प्लॅस्टिक काढून हातात धरून दाखवत होते. मी फोनवर होतो. हो हो म्हणालो, पिशवी घेतली आणि निघालो. ते माझ्यामागे पायरीपर्यंत आले होते, 'आईला नक्की सांगा' म्हणत. मी मागे न बघता हात केला नुसता.

आई : फोन कुणाचा होता?

मुलगा : तुझ्या नातीच्या शाळेचा. कार्यक्रमाला आईंनाही घेऊन या, म्हणत होते.

आई : हं.

मुलगा : काहीतरी बोल.

आई : काय बोलू? दम खाऊ दे मला.

दुकानदार : ताई, त्यांना एकट्याला नका धरू. त्यांना मी एकदा तरी सांगितलं. बाकीच्यांना तेही नाही. गवंडी आला, म्हणाला, नवा लागत नाही. मी खाली वाकलो, खण उघडला, जुना दिला. दाखवत बसायचं, चार वेळा समजवायचं, त्यापेक्षा ते सोपं. तोही खूश, मीही खूश. आणि तुम्ही स्वतः इथे येऊन बसत होतात, पंप पर्समध्ये होता. मी एकदा तरी 'बघू' म्हणालो का? आज म्हणालो. तेही खण रिकामा झाल्यावर.

आई : बरं झालं. तिघेही सारखेच. आता हे खोकं घेऊन हा काय करणार, ते विचारा.

मुलगा : जमा करणार. अहवाल लिहावा लागेल. दुकानात सापडले एवढं तर लिहावंच लागेल, काका.

दुकानदार : लिहा. सापडलेच.

मुलगा : पण घेणाऱ्यांची नावं... ती तशी लागत नाहीत.

दुकानदार : मघाशी लागत होती. परवाना जाईल म्हणत होतात.

मुलगा : मघाशी मी उगाच धाक घातला. असा काही नियम नाही. मला हवी होती नावं. मला वाटलं, एकेकाच्या घरी जाऊन सुनवावं.

आई : मग सुनाव की. घरचा पत्ता तर तुला पाठ आहे.

मुलगा : आई!

आई : लिही माझं नाव. बाकी कुणाचं नको, माझं तेवढं लिही. आणि नावानं मला कोण ओळखतं? छत्रीसाहेबांची आई म्हणून लिही, सगळ्या खात्याला कळेल.

मुलगा : हसतील लोक.

आई : मला की तुला?

मुलगा : मला.

आई : मग ठीक आहे. मला वाटलं, मला हसतील.

दुकानदार : ताई, कशाला पोराला पिळताय?

आई : पिळत नाही, भाऊ. मी शेजारणींची कापडं शिवते ना. शिवून झालं की मी कधी तशीच घडी करून देत नाही. घालून बघ म्हणते. कुठे आवळतंय, कुठे टोचतंय, विचारते. तिथल्या तिथे उसवून देते. हा नियम चांगलाच असेल. मी नाही म्हणत नाही. पण मला घालून कुणी बघायला लावला? त्या गवंड्याला कुणी लावला? घडी करून हातात दिला आणि टाळ्या वाजवल्या.

मुलगा : आणि शिकवायला माणसं ठेवणार होते, ती मी नको म्हटली.

आई : माझ्या नावावर.

मुलगा : तुझ्या नावावर.

आई : हे मात्र मला लागलं रे. तू मला स्वार्थी म्हणालास ते नाही लागलं. त्या गाणं शिकवणाऱ्या बाई माझ्यामुळे गायच्या थांबल्या, हे मला माहीतही नव्हतं.

मुलगा : पुन्हा बैठक आहे. मी सांगतो तिथे.

आई : काय सांगशील?

मुलगा : की मी विचारलं नव्हतं.

आई : जमेल?

मुलगा : माहीत नाही. आत्ता तुझ्यासमोर बोलतानाच जीभ जड झालीय. तिथे तर सगळे बसलेले असतात, ज्यांनी त्या दिवशी माना डोलावल्या.

दुकानदार : हे प्लॅस्टिक धुवायला टाकू का मी?

मुलगा : मला द्या, काका. बेसिन कुठे आहे?

दुकानदार : आत डावीकडे. कोमट पाणी थर्मासात आहे, चहासाठी ठेवलंय ते घ्या.

आई : बोट घालू नकोस रे त्या भोकात. नुसतं पाणी सोड आरपार.

मुलगा : असं?

आई : उलटं धर. हां. आता वरून. लहानपणी दुधाचा पेला असाच धुवायचास, वरवर. खाली साय तशीच.

मुलगा : सगळं निघालं बघ. उजेडाला धरलं की आरपार दिसतंय.

आई : झटक आता. आणि माझ्या रुमालात गुंडाळू नकोस, त्याला कापसाचे धागे आहेत.

मुलगा : काका, उद्या येतो मी. सकाळी, ऑफिसच्या आधी. तो गवंडी आला तर थांबवून ठेवा.

दुकानदार : ओरडायला?

मुलगा : नाही हो. त्याचा पंप बघायला.

दुकानदार : हेल्मेट काढून या. ते पिवळं लांबूनच दिसतं. गिऱ्हाईक पडद्यामागे पळतं.

आई : हसवू नका म्हटलं ना, भाऊ!

मुलगा : उद्या दुपारी एका शाळेत कार्यक्रम आहे, आई. नाही म्हणून कळवतो.

आई : का?

मुलगा : कोणत्या तोंडानं उभा राहू?

आई : याच. दुसरं कुठून आणणार? मुलांना छत्री दाखव. ती खोटी नाही.

मुलगा : तुझ्याबद्दल काही बोलणार नाही.

आई : ते रात्री बघू. काय बोलायचं ते मी सांगेन, मग ठरव. आणि ती छत्री आण घरी. भोकाचा एक टाका सुटलाय, मागच्या वेळीच दिसला होता मला स्टेजवरून. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.

मुलगा : आणतो. चल. स्कूटरवर बसशील, की थोडं थांबायचं? दम लागलाय का तुला?

आई : छे, कुठे.

मुलगा : ...

आई : हो. लागलाय. बस जरा माझ्याजवळ.